तारेला हात लावायचा नाही

…आणि वर शेजारीण मलाच विचारते, "काय गं चिहारू, हल्ली भट्टी लावत नाहीस वाटतं?" आता काय सांगू तिला? माझ्या भट्टीची सध्या जी अवस्था आहे ना, ती न ऐकलेलं माणूस आमच्या तोबे गावात उरलेलं नाही. निम्म्या गावाला मी सांगून झालंय, निम्म्याला सासूबाईंनी, आणि दोघींच्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून आता तुम्हाला धरलंय. बसा. बाळ आत्ताच झोपलंय, म्हणजे आपल्याकडे वीस मिनिटं आहेत. नशीब जोरावर असेल तर पंचवीस.

तुम्हाला सांगते, विजेची भट्टी म्हणजे तशी साधी वस्तू. पिंपाएवढी, वरून झाकण, आत विटांची भिंत, भिंतीत गोल गोल खाचा आणि खाचांत बसवलेली कॉइल. गिझरमध्ये असते, शेगडीत असते, तशीच तार, फक्त हिला साडेबाराशे अंश सोसायचे असतात. लग्नाआधी मातसुयामा शहरात शिकत असताना घेतलेली ही माझी भट्टी, माहेरून आणलेली एकुलती एक वस्तू. ती इथे बसवायला कुरामोचीकाका आले होते. गावातल्या सगळ्या विजेच्या भट्ट्यांचे डॉक्टर म्हणा ना, साठी उलटलेली, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. तेव्हा त्यांनी मला एकच नियम सांगितला, "ताई, नवी तार दोऱ्यासारखी वाकते. एकदा तापून निवली की न शिजवलेल्या शेवईसारखी होते. गरम असताना वळेल, गार असताना मोडेल. म्हणून काहीही झालं तरी… तारेला हात लावायचा नाही."

बरं, नाही लावत.

पण पुढे काय झालं, वाको जन्मली आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला बाळ कसं सांभाळायचं त्याचा एक कागद दिला, आणि त्याच सुमारास मी भट्टीच्या माहितीपुस्तकातली कॉइलची पानं पुन्हा काढली, आणि दोन्ही कागद फ्रिजवर एकाच चुंबकाखाली लावले. चूक तिथेच झाली असं मला कधी कधी वाटतं. धक्का लागू देऊ नका. धुळीपासून जपा. अचानक गार वारा लागू देऊ नका. जवळ खाऊ-पिऊ नका. रंग बदलल्यास तज्ज्ञांना दाखवा. माझा नवरा नोबुहिरो, मातीच्या घराण्यात जन्मून मातीला हात न लावणारा माणूस, संत्र्यांच्या सहकारी संस्थेत फळं निवडतो, तो एकदा फ्रिजसमोर उभा राहून म्हणाला, "चिहारू, हे 'दर वेळी वापरण्याआधी नळीने ओढून साफ करावे' आहे ना, हे नाक आहे की खाच?"

खाच होती. पण मी दोनदा वाचून खात्री केली, खोटं कशाला बोलू?

आता खाच का साफ करायची? तर झिलईचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचा, एक कण, एवढासा, तीळ समजा, कॉइलवर पडला आणि वितळला की तो तिला खातो. अक्षरशः खातो. म्हणून प्रत्येक भाजणीआधी व्हॅक्युम क्लीनरने खाचा साफ करायच्या, लांबून, मऊ ब्रशने, अलगद. आणि इथे माझं नशीब बघा. वाको म्हणजे शांत, हे नाव सासूबाईंनी ठेवलं, आणि ही शांत मुलगी रडायला लागली की पलीकडच्या डोंगरावरची संत्री गळावीत. कुशीत घेतलं, गाणं म्हटलं, पाठीवर बांधून अंगणात फिरवलं… काही नाही. एक दिवस तिला पाठीवर बांधूनच भट्टी साफ करायला घेतली, व्हॅक्युम सुरू केला, घूंऽऽऽ… आणि पोर गप्प. झोपली. मी हललेसुद्धा नाही. त्या दिवसापासून तुम्हाला सांगते, दिवसातून चार चार वेळा मी भट्टी साफ करते. जपानभरात इतकी स्वच्छ कॉइल कुणाची नसेल. आणि प्रत्येक वेळी मनात धाकधूक, ब्रश तर लागत नाही ना, माझ्या या सफाईनेच तार मोडणार नाही ना… कारण तारेला हात लावायचा नाही, आणि मी दिवसातून चारदा तिच्या तोंडाशी.

असो. मुद्दा वाटीचा आहे.

आमच्या घरची रीत अशी, की बाळाचं शंभराव्या दिवशी उष्टावण होतं, आणि ते घरच्याच भट्टीत भाजलेल्या वाटीतून होतं. घराघरांत लाल लाकडी वाटी आणतात, आमच्याकडे नाही. सासऱ्यांची वाटी, नोबुहिरोची वाटी, नणंदेची वाटी, सगळ्या त्या फळीवर ओळीने बसलेल्या, वाकड्यातिकड्या, राखेचे डाग पडलेल्या. त्या सगळ्या डोंगरउतारावरच्या लाकडाच्या भट्टीतल्या. सासूबाईंनी तिथे तीस वर्षं लाकडं घातली, भुवया दोनदा जाळून घेतल्या. सासरे गेल्यापासून ती भट्टी थंड आहे, आता तिथे मांजरी व्यायला येतात. तर मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आपली भट्टी तर गेली. या वेळी बाजारातून लाल वाटी आणू."

मी म्हटलं, "आई, घरात भट्टी आहे ना."

"कुठे?"

"ती माझी."

"ती होय." सासूबाईंनी माझ्या भट्टीकडे असं पाहिलं, जसं कुणी पाहुण्यांच्या चपलांकडे पाहतं. "ती तर भाताच्या कुकरची थोरली बहीण. आग कुठाय तिच्यात?"

झालं. मग मी हट्टालाच पेटले. वाको महिन्याची झाली तेव्हा मी तिची वाटी केली, आणि माती ओली असताना तिचा तळहात आत बुडाशी दाबला. इतकासा हात. मुठीच वळून ठेवायची, दोघांनी मिळून बोटं उघडली. आणि माती वाळताना, भाजताना आकसते हे तुम्हाला माहीत असेल, म्हणजे बाळ वाढत जाणार आणि हाताचा ठसा लहान होत जाणार… हे लक्षात आलं आणि मी अर्धा तास रडले. नोबुहिरो म्हणाला, "होईल ठीक." काय ठीक होईल ते त्यालाही माहीत नव्हतं. पण ती वाटी म्हणजे ती वाटी. दुसरी करता येत नाही. शंभर दिवसांच्या मुलीचा एक महिन्याचा हात कुठून आणायचा?

वाटीची पहिली भाजणी झाली, तिच्यावर मी निळी वेल काढली, झिलई चढवली, आणि पंच्याण्णवाव्या दिवशी, मंगळवारी, ती भट्टीत ठेवली. झाकण लावलं. वळून बघते तर सासूबाई. हातात छोटी बशी, बशीत मिठाची ढिगुली, शेजारी साकेचा पेला. लाकडाच्या भट्टीला दर भाजणीआधी देतात तसं. दोनदा टाळी वाजवली, डोकं टेकवलं. माझ्या भट्टीपुढे. त्या भाताच्या कुकरच्या थोरल्या बहिणीपुढे.

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मीठ म्हणजे कॉइलचं विष. पुस्तकात ठळक अक्षरांत आहे, फ्रिजवर आहे. मिठाची वाफ तिची कातडी सोलून काढते. आणि सासूबाई बशी ठेवून थांबल्या नाहीत, झाकणाला वाफ जायला एक भोक असतं ना, तिथे वाकून म्हणाल्या, "हिला तोंडच नाही. देवाला द्यायचं कुठून?" आणि चिमूटभर मीठ भोकातून आत. मग आणखी एक चिमूट. "थंडीचे दिवस आहेत, आतच बसले असतील."

दोन वर्षं ज्या भट्टीला त्या भट्टी म्हणाल्या नाहीत, तिच्यात आज देव बसलाय म्हणतात, आणि मी म्हणू, आई, तुमचा देव माझी तार खातो? मी बटण दाबलं.

आठशे चाळीस अंशांवर भट्टी बंद पडली.

दुसऱ्या दिवशी कुरामोचीकाका आले. डोक्यावर दिवा लावून कमरेपर्यंत आत गेले, आतून आवाज आला, "हं." मग पुन्हा, "हंऽऽ." बाहेर आले, वरच्या कॉइलचा तुटका तुकडा हातात, एका जागी कुरतडलेला, पांढरा, उंदराने खाल्ल्यासारखा. म्हणाले, "ताई, इथे खारट काही गेलंय."

सासूबाई वाकोचं टोपडं सरळ करायला लागल्या. टोपडं सरळच होतं.

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "मीच. सेंबेई खात होते भट्टीपाशी. तांदळाच्या त्या खारट चकत्यांचे तुकडे पडले असतील."

कुरामोचीकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तसं नर्सबाईंनीसुद्धा कधी पाहिलं नाही. "भट्टीपाशी. सेंबेई." मग वहीत काहीतरी लिहिलं. माझी खात्री आहे, तिथे माझ्याविषयी कायमचं काहीतरी नोंदलं गेलंय.

सगळ्या कॉइल नव्या घातल्या, कारण एकच बदलली तर जुन्या दमतात आणि नवीवर भार येतो म्हणे. माझ्या मनात आलं, हे घरातसुद्धा असंच असतं. मग काका म्हणाले, "आता पहिल्यांदा रिकामी तापवायची. झाकण किंचित उघडं. तिच्या अंगावर कातडी धरू द्यायची. ती कातडीच तिला पुढे वाचवते. आणि…"

"तारेला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"आणि सेंबेई पण नाही," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी रिकामी भाजणी. गुरुवारभर भट्टी निवली. मी दर तासाला जाऊन बघत होते, एकदा भट्टीकडे, एकदा पाळण्याकडे, दोघी श्वास घेतायत ना… म्हणजे एकच घेते, पण तुमच्या लक्षात आलं. शुक्रवारी सकाळी, अठ्ठ्याण्णवावा दिवस, सुखरूप बचावलेली वाटी पुन्हा भट्टीत ठेवली. वरच्या फळीवर, बरोब्बर मध्यभागी, चहूबाजूंनी तारेपासून चार बोटं लांब. बोटं घालून मोजली. मोजता मोजता वाकोने सूर लावला, मी आत धावले, दूध पाजलं, ढेकर काढली, तासाभराने बाहेर आले तर झाकण लावलेलं. सासूबाई शेजारी उभ्या. "मी लावलं," म्हणाल्या, "धूळ जाईल."

बशी नव्हती. मीठ नव्हतं. मी हळूच भोकापाशी बोट फिरवून चाखलंसुद्धा. खारट नाही. माझा जीव इतका भांड्यात पडला की आत बघायचं सुचलंच नाही. बाळाच्या नाकाशी रोज सात वेळा बोट धरणारी बाई मी, एकदा झाकण उचलून बघता आलं नसतं? दाबलं बटण.

आणि तुम्हाला सांगते, गेली ना वरपर्यंत. बाराशे पन्नास. एकदाही अडखळली नाही. नवी कातडी. शनिवारभर निवली. मी लाल भातासाठी चवळीसारखे अझुकीचे लाल दाणे भिजवले, नोबुहिरो शेपटीसकट लाल मासा घेऊन आला, देवळातून दात बळकट व्हायचा खडा आणला, सगळं सगळं झालं. रविवारी सकाळी, शंभरावा दिवस, सगळे भट्टीभोवती जमलो. मी झाकण उचललं.

काय दिसत होती वाटी. दुधासारखी पांढरी, वेल निळीशार, आणि बुडाशी वाकोच्या हाताचा ठसा, त्यात झिलई साचून जणू तळहातावर पाणी घेतलंय. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई." नोबुहिरो म्हणाला, "बघ, झालं ठीक."

मी वाटी उचलायला गेले. वाटी येईना.

मध्यभागी नव्हतीच ती. पार कडेला, भिंतीला टेकलेली, आणि तिची कड कॉइलमध्ये रुतून चिकटलेली. झिलई वितळली, तारेभोवती वळली, निवली, घट्ट. वाटी ओढली तर तार येते, तार सोडवायची तर वाटी… मी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे, आणि तसेच धरून नोबुहिरोला म्हटलं, काकांना फोन लाव.

फोनवर कुरामोचीकाका नातवाच्या खेळाच्या मैदानावर होते, मागे शिट्ट्या. सगळं ऐकून घेतलं. "मध्यभागी ठेवली होती म्हणता."

"चार बोटं मोजून."

"मग चालत गेली?"

"काका, माझी झोप होत नाही हल्ली. मीच ठेवली असेन."

"हं. उद्या येतो. तार मऊ करायला गॅसचा ब्लोटॉर्च आणतो. तोपर्यंत…"

"हो," मी म्हटलं, "माहीत आहे."

पण उद्या म्हणजे एकशे एकावा दिवस. उष्टावण आज. लाल भात वाफाळतोय, मासा डोळे वटारून बघतोय, बाळाला नवं लुगडं नेसवल्यासारखा किमोनो, आणि वाटी भट्टीत अडकलेली. नोबुहिरो म्हणाला, "फळीवरची माझी वाटी घेऊ या?" मी त्याच्याकडे पाहिलं, तो मासा बघायला गेला.

तेव्हा सासूबाई उठल्या. भाताचं भांडं उचललं, चॉपस्टिक उचलल्या, आणि म्हणाल्या, "वाटी येत नसेल तर आपण जाऊ." आणि तुम्हाला सांगते, आम्ही गेलो. शेडमध्ये, भट्टीपाशी, स्टुलावर चढून. वाकून वाटीत चमचाभर लाल भात ठेवला, अलगद, वाटीला धक्का न लावता. मुलीला घरातल्या वडील बाईने भरवायचं असतं, म्हणून सासूबाई बाळाला घेऊन भट्टीच्या कडेवरून आत वाकल्या, नोबुहिरोने त्यांना कमरेला धरलं, मी बाळाचं डोकं धरलं, कारण मानेला आधार, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, सांभाळा, तार. तार, आई. आई, किमोनोची बाही, तार. भाताचं शीत बाळाच्या ओठांना लागलं, तशी वाकोने भट्टीत तोंड घालून जो टाहो फोडला… पिंपात घुमतो ना आवाज, तसा. मांजरी पळाल्या. मी एका हाताने व्हॅक्युम सुरू केला. घूंऽऽऽ. बाळ गप्प. आणि त्या घूंऽऽऽमध्ये सासूबाई माझ्या कानाशी ओरडून म्हणाल्या, "चिहारू, तुला सेंबेई आवडत नाहीत."

मी म्हटलं, "काय?"

"दोन वर्षं बघतेय. डब्यातल्या सेंबेई तू खात नाहीस. माझ्यासाठी खोटं बोललीस."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाई, अर्ध्या भट्टीत वाकलेल्या, बाळ पोटाशी, पुढे म्हणाल्या, "म्हणून या वेळी मीठ नाही घातलं. म्हटलं, हिच्यासाठी काहीतरी चांगलं करू. तुझी वाटी बिचारी मध्येच ठेवली होतीस, आगीपासून लांब. आमच्या भट्टीत घरच्या बाळाची वाटी नेहमी आगीच्या अगदी जवळ ठेवत. मानाची जागा ती. सगळ्यांच्या तिथेच भाजल्यात. नोबुहिरोचीसुद्धा. मी सरकवली."

मी व्हॅक्युम बंद करायचं विसरले.

आता मला सांगा, मी त्यांना काय म्हणू? मी खरं बोलले असते ना त्या बुधवारी, की आई, मीठ तुम्ही टाकलंत, तर त्या रुसल्या असत्या, आठवडाभर माझ्या भट्टीकडे फिरकल्या नसत्या, आणि वाटी आज फळीवर नोबुहिरोच्या वाटीशेजारी बसली असती. माझ्या चांगुलपणाने चिकटलीय ती. त्यांच्या मायेने आणि माझ्या चांगुलपणाने. दोन्हींची झिलई वितळली आणि तारेला बसली.

सोमवारी काका आले. ब्लोटॉर्च बाजूला ठेवला, दिवा लावला, बघितलं. वाटीत भाताची दोन शितं होती, ती बघून वहीत पुन्हा काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "तार तापवून मऊ केली तर वाटीला आच लागून ती तडकणार. वाटी सोडवायला गेलो तर तार मोडणार. आणि तशीच भट्टी लावलीत तर झिलई तार खाणार. एक काहीतरी जाणार, ताई. कोणतं ते सांगा, मी करतो."

"उद्या सांगू?" मी म्हटलं.

"सांगा," ते म्हणाले.

त्याला आता दोन महिने झाले. दर सोमवारी ते फोन करतात, मी म्हणते, उद्या. नोबुहिरो म्हणतो, होईल ठीक. वाकोला पहिला दात आला, तिचा हात वाटीतल्या ठशाच्या दीडपट झालाय, आणि ती वाटी तिथेच आहे, भट्टीत, मानाच्या जागी. सासूबाई रोज सकाळी झाकण उघडून वाटीत भाताचं शीत ठेवतात, मीठ नाही घालत, टाळी वाजवतात, आणि गावभर सांगतात, आमच्या सुनेच्या भट्टीत देव बसलाय, हलत नाही. मी दिवसातून चारदा व्हॅक्युम लावते, बाळासाठी, आणि शितासाठी. भट्टी थंड. पण एक सांगते, सगळ्या तोबे गावात, अख्ख्या जिल्ह्यात म्हणा, इतकी जपलेली कॉइल तुम्हाला सापडायची नाही. नवी कोरी, चकचकीत, दोनदाच तापलेली.

तिला कुणी हातच लावत नाही.